नदीकाठी मुक्काम ठरवताना आधी परतीची वाट बघा

दिवाळी संपून थंडी पडायला लागली की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. 'फोर बाय फोर घेतली आहे, दोन-तीन गाड्या मिळून शनिवार-रविवार नदीकाठी काढायचा आहे, सोलापूरकडे जागा कुठली चांगली?' विचारणारे कधी पुण्याचे असतात, कधी सोलापूरचेच, कधी विजयपूरहून येणारे. सगळ्यांना उत्तर म्हणून एक नाव हवं असतं, मोबाइलवर टाकलं की गाडी थेट पोहोचेल असं.

मंद्रूपच्या पट्ट्यात नाव देऊन भागत नाही. पवना किंवा भंडारदऱ्याभोवती जशी तंबूंची बाजारपेठ उभी राहिली, तशी इथे नाही. जागा तुम्हालाच पारखायची, परवानगी तुम्हालाच मिळवायची आणि गाडी रुतली तर ट्रॅक्टरही तुम्हालाच शोधायचा. त्यात एक गोंधळ हमखास होतो. लोक जागा निवडतात ती पाणी किती जवळ आहे ते बघून. निवडायला हवी ती रात्री दोन वाजता पाऊस आला किंवा नदी वाढली, तर तिथून बाहेर कसं पडता येईल ते बघून.

आधी मंद्रूप कुठे आहे ते नीट बघा

मंद्रूप दक्षिण सोलापूर तालुक्यात, सोलापूर-विजयपूर महामार्गावर, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. सोलापूरहून निघालात की हत्तूर मागे पडल्यावर वडकबाळजवळ सीना ओलांडावी लागते. मंद्रूपच्या पुढे तेरामैल, मग टाकळी आणि तिथे भीमा. भीमेपलीकडचं धुळखेड कर्नाटकात. म्हणजे मंद्रूप दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. या दोन्ही नद्या हत्तरसंग कुडलला एकमेकींना मिळतात.

याचा अर्थ मुक्कामाच्या दृष्टीने सरळ आहे. सोलापूरकडे परतायची वाट सीनेवरून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा सोलापूर-विजयपूर महामार्गसुद्धा बंद ठेवावा लागला होता. महामार्गाची ही गत, तर गावाकडून काठावर उतरणाऱ्या शेतरस्त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. तुमच्या जागेपासून डांबरी सडक किती लांब आहे आणि मधे एखादा ओढा पडतो का, हे दोन प्रश्न पहिल्या फोनवरच विचारा. मधे ओढा असेल आणि त्यावर पूल नसेल, तर ती जागा सोडून द्या. नदी वाढायच्या आधी ओढा वाढतो.

आकाश निरभ्र असतं, तरी नदी वाढते

शहरातून येणाऱ्यांना हे सांगूनही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

टाकळीजवळच्या भीमेत येणारं पाणी मंद्रूपच्या पावसावर अवलंबून नसतं. पुणे जिल्ह्यातल्या धरणांचं पाणी उजनीत येतं. उजनी ११७ टीएमसीचं धरण, ते भरलं की पाणी भीमेत सोडलं जातं. उजनीच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, म्हणजे वीर धरणातून सोडलेलं पाणीही त्यात भर घालतं. हे सगळं पंढरपूर ओलांडून तुमच्या तंबूपर्यंत येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसात उजनीतून दोन लाख क्युसेकच्या वर विसर्ग झाला होता आणि काठावरच्या गावांत पाणी शिरलं होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. गुणाकार तुम्हीच करा. म्हणून पावसाळ्यात आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत उजनी आणि वीर, दोन्हीकडचे विसर्गाचे आकडे बघितल्याशिवाय काठावर उतरूही नका.

उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी, पण धोका तोच. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून भीमेत आवर्तन सोडतात. ते पाणी औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत साठवतात आणि टाकळीहून शहराकडे उचलतात. कोरड्या पात्रातून वाट काढत हे पाणी यायला बरेच दिवस लागतात. पण ते आलं की कोरडं वाळवंट समजून तुम्ही जिथे गाडी लावलेली असते, तिथे पाणी उभं राहतं. ढग नाही, गडगडाट नाही, पहाटे नुसती खळखळ.

गावकऱ्यांना मात्र पाणी कधी सुटलं ते तोंडपाठ असतं, कारण त्याच दिवसांत काठावरच्या मोटारींची वीज कमी केली जाते. तेव्हा काठावरच्या शेतकऱ्याला सरळ विचारा, 'आवर्तन कधीचं आहे? पाणी कुठवर आलंय?' याहून अचूक हवामान खातं तुम्हाला सापडणार नाही.

बंधाऱ्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपला की दारं बसवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती काढतात. दारं बसली की वरच्या बाजूचं पाणी हळूहळू फुगतं, काढली की खालच्या बाजूला लोंढा जातो. बंधाऱ्याच्या लगेच वर किंवा लगेच खाली तंबू ठोकू नका. आणि बंधाऱ्यावरून पाणी जात असेल, तर त्याच्या माथ्यावरून गाडी नेऊ नका. पाणी घोट्याइतकंच दिसलं तरी नाही.

तुमच्यापुढचे पर्याय

मंद्रूपच्या आसपास आणि तिथून दिवसभरात जाण्यासारख्या अंतरावर प्रामुख्याने हे पर्याय आहेत:

- शेतकऱ्याची वस्ती. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच पर्याय घ्यावा. डिसेंबरपासून ज्वारी हुरड्यावर आली की सोलापूरच्या आसपास अनेक शेतकरी हुरड्यासाठी पाहुणे घेतात. तिथे पाणी, उजेड, स्वच्छतागृह आणि मुख्य म्हणजे हाकेच्या अंतरावर माणूस असतो. अशा शेतकऱ्याला 'रात्री तंबू लावू का?' असं विचारलं तर बहुधा नाही म्हणत नाहीत. हुरड्याच्या रानातून नदी चालत जाण्याइतकी जवळ असेल, तर आणखी काय हवं?
- नोंदणी केलेलं कृषी पर्यटन केंद्र. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे आणि केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. फोनवरच नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मागा. केंद्र नदीपासून लांब असलं तरी बिघडत नाही. नदी दिवसा बघा, झोपा केंद्रावर.
- गावची जागा. गायरान, यात्रेचं मैदान, शाळेचं आवार. यासाठी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. सरपंचांनी तोंडी होकार दिला तरी ग्रामसेवकांना भेटा. गावात अंतर्गत वाद असतील तर एकाचा होकार दुसऱ्याला खटकतो आणि रात्री तुमच्या तंबूपुढे ग्रामसभा भरते.
- उजनीचं पाणलोट क्षेत्र. करमाळा आणि भिगवणच्या बाजूला पक्षी बघायला जाणाऱ्यांची सोय आहे. पण तो काठ म्हणजे गाळाची जमीन. पाणी उतरलं की तिथे गाळपेर होते. वरून सुकलेली पापडी आणि खाली लगदा. गाडी काठापर्यंत नेण्याचा मोह टाळा.
- नदीचं पात्र. हा पर्याय यादीत एवढ्याचसाठी घेतला, की लोक तो सर्रास निवडतात. निवडू नका. कारणं पुढे आहेत.

जमीन कोणाची, होकार कोणाचा

'नदी काय कोणाच्या बापाची आहे का?' असं म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक गटात असतो. नदी सरकारची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नदी-नाल्यांची पात्रं राज्य सरकारच्या मालकीची आहेत. पात्रात रात्री गाड्या दिसल्या की महसूल आणि पोलिसांची पथकं आधी वाळूचाच संशय घेतात आणि या पट्ट्यात तो संशय निराधार नसतो. दिवे लावून रात्री अकरा वाजता पात्रात फिरणाऱ्या तीन जीप बघून कोणी 'हे पर्यटक असतील' असा विचार करत नाही. गावकरीही करत नाहीत आणि वाळू उपसणारेही नाहीत. या दुसऱ्या मंडळींशी तुमची गाठ न पडलेली बरी.

पात्राच्या वरचं शेत खासगी. तिथे मालकाचा होकार हवा आणि मालक कोण हे सातबाऱ्यावर कळतं. गट क्रमांक माहीत असेल तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर उतारा बघता येतो. सामाईक खातं असेल तर ज्याच्याशी बोललात तो एकटाच होकार देतोय का, ते विचारा. भावकीच्या भांडणात तुमचा तंबू नको. शेत वाट्याने किंवा खंडाने दिलेलं असेल तर कसणाऱ्याचाही होकार घ्या, कारण उभं पीक त्याचं असतं.

होकार साध्या कागदावर लिहून घेतला तरी चालतो. त्यात एवढं असावं:

- गाव, गट क्रमांक, मालकाचं नाव आणि सही
- तारीख, किती माणसं, किती गाड्या आणि त्यांचे नंबर
- पैसे किती ठरले, माणशी की गाडीमागे आणि त्यात जेवण, लाकूड, पाणी धरलं आहे का
- पीक, ठिबकच्या नळ्या, पाइपलाइन किंवा बांध यांचं नुकसान झालं तर भरपाई कशी ठरणार
- गाडी कोणत्या वाटेने आत येणार आणि कुठे लावणार

शेवटचा मुद्दा फालतू वाटेल, पण भांडणं त्यावरूनच होतात. पाणंद आणि शिवरस्ता सार्वजनिक असतो, त्यावरून जायला कोणाची हरकत नसते. मात्र पाणंद सोडून दुसऱ्याच्या बांधावर चाक चढलं की विषय बदलतो. कालव्याच्या कडेचा सेवारस्ता जलसंपदा खात्याचा असतो. मोकळा दिसला म्हणून त्यावर गाडी घालू नका.

काळी की मुरमाड?

गाडीच्या दृष्टीने सगळा खेळ याच प्रश्नाचा आहे. भीमा-सीनेच्या काठची जमीन खोल काळी. सुकली की त्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भिजली की तीच चाकांना कवटाळते. चिखलाचे म्हणून विकलेले टायर सह्याद्रीच्या लाल मातीत ठीक चालतात. इथे नक्षीतल्या खाचा चार फेऱ्यांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग फोर बाय फोर असो की लो रेंज, चारही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी जागेवर खाली बसते.

परीक्षा सोपी आहे. गाडी सडकेवरच ठेवा आणि त्या वाटेने वीसेक पावलं चालून बघा. बुटाला माती चिकटून पाय जड व्हायला लागला, तर गाडी नेऊ नका. मूठभर माती घेऊन दाबा. तिची सुतळीसारखी वळी होत असेल, तर अजून दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या. शेतकऱ्याला विचारायचं असेल तर त्याच्या भाषेत विचारा, 'वाफसा आलाय का?' जमिनीत ट्रॅक्टर घालण्याजोगी ओल उरली आहे की नाही, हे तो पायाखालच्या स्पर्शाने सांगतो. त्याने 'थांबा' म्हटलं तर थांबा. आणि हे लक्षात असू द्या, की पाऊस नसला तरी उसाला आदल्या रात्री पाणी दिलेलं असेल, तर शेजारची वाट चिखलाची झालेली असते.

तंबू काठावर आणि गाडीचा खेळ माळावर, अशी विभागणी केली तर दोन्ही साधतं. दोन नद्यांच्या मधल्या उंच भागात मुरमाड, हलकी जमीन आहे. तिथे चढ-उतार, दगड, घळी सगळं मिळतं आणि पाऊस पडून गेल्यावरही ती लवकर सुकते. मालकाच्या परवानगीने अशा पडीक रानात गाडी चालवा. पण माळ म्हणजे ओसाड, असं समजू नका. काळवीट, लांडगा, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी यांचं ते घर आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. तिथे किंवा वन विभागाच्या कोणत्याही गवताळ क्षेत्रात परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा ठरू शकतो. रात्री माळावर प्रखर दिवे फिरवू नका. शिकारीचा संशय येतो आणि तो घ्यायला वन विभाग मोकळा आहे.

पाण्यात गाडी घालायची हौस

छायाचित्रासाठी गाडी पाण्यात उतरवतात, म्हणून थोडक्यात चार गोष्टी:

- वाळू उपसलेल्या ठिकाणी पात्रात खोल खड्डे असतात. वरून पाणी सपाट दिसतं. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल पुरुषभर खोलीत पडू शकतं. हे गाडीइतकंच पोहणाऱ्यांनाही लागू आहे.
- इंजिनात पाणी गेलं असं वाटलं, तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. गाडी ओढूनच बाहेर काढा.
- नेहमीच्या विमा पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. मुद्दाम पाण्यात घातलेल्या गाडीचा दावा त्यानंतरही अडू शकतो. निघण्याआधी पॉलिसीतलं 'काय वगळलं आहे' हे पान वाचा.
- हे पाणी सोलापूरकर पितात. नदीत गाडी धुऊ नका, साबण लावू नका.

प्यायचं पाणी मात्र नदीचं घेऊ नका. पुण्यापासूनचं सांडपाणी सोसून ते आलेलं असतं. माणशी दिवसाला चार-पाच लिटरच्या हिशोबाने जार घेऊन जा.

जागेवर पोहोचल्यावर, उजेडात

संध्याकाळी पाचनंतर नवी जागा बघायची नाही, हा नियमच करा. उजेड असताना काठावर एक फेरी मारा आणि या गोष्टी बघा.

आधी बाभळींकडे. काठाच्या बाभळीच्या बेचक्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, उसाचं पाचट, चिंध्या अडकलेल्या दिसतील. कुठे कमरेइतक्या उंचीवर, कुठे डोक्याच्याही वर. ती पुराची खूण. गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, '२०२० ला पाणी कुठवर आलं होतं? आणि २०२५ ला?' तो बोटाने एखादं झाड, एखादी विहीर, देवळाची पायरी दाखवेल. तंबू त्या खुणेच्या वर. जलसंपदा खातं पुराची निळी आणि लाल रेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. कागदावरची ती रेषा तुम्हाला काठावर दिसणार नाही. बाभळीवरची पिशवी दिसते.

मग जमिनीकडे. भीमेच्या काठावर जागोजाग उपसा सिंचनाच्या मोटारी आहेत. खांबावरून निघालेली केबल गवतातून, काठाच्या उतारावरून थेट पाण्यात गेलेली असते. पाणी मागे सरकलं की शेतकरी मोटार पुढे नेतो आणि केबलला जोड देतो. तो जोड कधी चिकटपट्टीत गुंडाळलेला असतो, कधी नुसत्या प्लॅस्टिकमध्ये. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, अनेकदा रात्री. दुपारी मेलेली दिसणारी तार रात्री बारा वाजता जिवंत होते. केबल, स्टार्टरची पेटी आणि मोटार यांच्यापासून लांब राहा. तंबूची खुंटी ठोकण्याआधी पाइपलाइन कुठून गेली आहे ते मालकाकडून दाखवून घ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना ती केबल प्रत्यक्ष दाखवा.

बाकीचं झटपट:

- एकट्या उंच झाडाखाली आणि विजेच्या तारांखाली तंबू नको.
- काठाची कड तुटलेली, भेगा पडलेली असेल तर त्या कडेवर गाडी लावू नका. पाणी ती खालून पोखरतं.
- उसाच्या फडाला लागून चूल नको. पाचट पेटलं तर तुमच्याच्याने विझणार नाही.
- नाग, घोणस, मण्यार हे तिन्ही या भागात आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तंबूची चेन कायम बंद, बूट आत, रात्री हातात बॅटरी.
- डोहात मगर आहे का, हे गावात विचारा आणि 'आहे' असं उत्तर आलं तर थट्टा समजू नका.
- गाड्या सडकेच्या दिशेने तोंड करून लावा. चाव्या कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत असू द्या.

कोणते महिने?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. जमीन सुकलेली, हवा थंड, हुरडा तयार. फक्त हाच ऊसतोडीचा हंगाम असतो. भंडारकवठ्यासारख्या कारखान्याच्या गावांकडे रात्री जोडट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सतत चालू असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला इथली कुटुंबंच्या कुटुंबं शेतात जेवायला जातात. त्या दिवशी कोणाच्या रानात तंबू मागायला जाऊ नका. कोणी भज्जी-आंबील खायला बोलावलं तर मात्र नक्की जा.

मार्चनंतर ऊन तापतं, मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि वळवाचं वारं सुटतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाच्या दिवसांत पाण्यावर जाऊ नका आणि उघड्यावर तंबूही नको. विजेच्या सूचनेसाठी 'दामिनी' हे ॲप फोनमध्ये ठेवा. गडगडाट सुरू झाला तर तंबू सोडून गाडीत बसा आणि काचा वर करा. जून ते ऑक्टोबर या पट्ट्यात काठावर मुक्काम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे देता, तेव्हा तुमचे हक्क

एखाद्या आयोजकाकडून सहल घेत असाल, तर २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. आगाऊ पैसे पाठवण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: नोंदणी क्रमांक, जागेच्या मालकाचा होकार, प्रथमोपचाराची आणि गाडी ओढून काढायची काय सोय आहे, आणि रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याचे नियम. 'सगळं आहे, तुम्ही या फक्त' हे उत्तर लेखी नसतं.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोक्याच्या ठिकाणी प्रवेशबंदीचा आदेश काढू शकतात. तसा आदेश निघाला तर सहल होणारच नाही, मग पैशांचं काय होणार हे आधीच विचारून ठेवा. 'अपघात झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा कागदावर सही घेण्याची पद्धत आहे. सही केली म्हणून आयोजकाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पुण्याच्या माणसाला त्यासाठी सोलापूरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. पावती, संदेश आणि फोटो जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा.

शेतकऱ्याकडे राहात असाल तर कायद्याची भाषा करायची वेळ सहसा येत नाही. ठरलेले पैसे निघताना नव्हे, पोहोचल्यावरच द्या. त्यांच्या घरच्या बायका तुमच्यासाठी पहाटेपासून भाकरी थापणार असतात. त्यांना किती माणसं हे आदल्या दिवशी कळवा.

गावात वागताना

हत्तरसंग कुडलला संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही प्राचीन मंदिरं आहेत आणि तिथला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. ते नक्की बघा. पण दिवसा, चालत आणि चपला काढून. मंदिराच्या परिसरात तंबू, चूल, गाणी असं काही नको. जागा संगमावर आहे म्हणून छायाचित्र छान येतं, हे मुक्कामाचं कारण होऊ शकत नाही. पुरात ती जागा पाण्याखाली जाते.

दारूबद्दल एकच सांगायचं आहे. भीमेपलीकडे कर्नाटक आहे. तिकडून विकत घेऊन इकडे आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि मुक्कामाच्या जागेवर पिऊन रात्री गाडी हलवायची वेळ आली, तर दुसराही गुन्हा घडतो. रात्री दहानंतर स्पीकर बंद. अनेक घरांत कन्नड बोलतात, मराठीही सगळ्यांना येते. आधी नमस्कार करा, मग जागेचं विचारा. कचरा पिशवीत भरून सोलापूरला परत न्या. गावात कचरागाडी येत असेलच, असं धरून चालू नका.

अडचण आलीच तर

- ११२: पोलीस आणि कोणतीही आणीबाणी
- १०८: रुग्णवाहिका
- १०७७: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
- १९२६: वन विभाग

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता आधी मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का ते विचारा आणि नसेल तर थेट सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयाकडे निघा. काठावर मोबाइलची रेंज कधी महाराष्ट्राची लागते, कधी कर्नाटकाची आणि कधी लागतच नाही. म्हणून हे नंबर, जागेच्या मालकाचा नंबर आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर कागदावर लिहून प्रत्येक गाडीत ठेवा.

मुक्कामाच्या गावात शिरताना पोलीस पाटलांना भेटा. किती माणसं, गाड्यांचे नंबर, कोणाच्या रानात उतरणार आणि रविवारी किती वाजता निघणार, हे एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडे द्या. निघताना त्यांना फोन करून तेवढं कळवायला विसरू नका.